दार दिसेल अशी खुर्ची देणाऱ्या मॅडमना

नमस्कार मॅडम,

तुमचं नाव मी लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. तुमची बदली झाल्याचं मला फार उशिरा कळलं, मी दवाखान्यात आले तर तुमच्या टेबलावर दुसऱ्या मॅडम बसलेल्या, त्याही चांगल्याच आहेत पण माझे आभार तसेच राहून गेले. ते मनात ठेवून चालणार नाही म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

२२ जुलै २०२१ चा पूर आम्हा चिपळूणकरांना वेगळा सांगावा लागत नाही, पण बाहेरचे कोणी वाचत असतील त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही २००५ चा पूर बघितलेला, वाशिष्ठी नदी चढली तर कुठवर येईल याच्या आमच्या खुणा ठरलेल्या होत्या, अमक्याची पायरी, तमक्याचं जोतं. वर घाटात पाऊस कोसळत होता, कोळकेवाडी धरणाचं पाणी येत होतं आणि खाली खाडीला भरती, त्यात त्या सगळ्या खुणा बुडाल्या. लाईट नाही, फोन लागत नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना जिना चढता येत नाही, मी वरून हात धरून ओढतेय आणि हे खालून उचलतायत असं करत करत आम्ही वरच्या बिऱ्हाडात पोचलो. घरातली सगळी माणसं वाचली. सामान गेलं, दुकान गेलं, चिखल काढता काढता महिने गेले पण माणसं वाचली आणि म्हणूनच मला काही होतंय यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

कारण स्वप्नात तो जिना संपत नाही. मी चढतेय, सासूबाईंचा हात माझ्या हातात, पायऱ्या वाढतच जातायत, पाणी माझ्या कमरेला आणि मग हात सुटतो. प्रत्येक वेळी सुटतो. चिखलाचा वाससुद्धा यायचा मला. साडेतीन-चारच्या सुमारास घाम फुटून उठायची, आधी जाऊन त्यांच्या नाकाशी हात धरून श्वास चालू आहे ना बघायची आणि मग उजाडेपर्यंत जागी. आणि पुन्हा आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं की पहाटेची स्वप्नं खरी होतात. माझ्या भीतीचं मूळ तिथे होतं मॅडम, पण ते बोलायचं कोणाजवळ? सासूबाईंना कसं सांगणार की रोज पहाटे तुम्ही माझ्या हातून जाता?

तुमच्याआधी कोण कोण भेटलं तेही लिहिते, कारण ते डाचतंय अजून. एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी मान वर न करता विचारलं झोप येत नाही का आणि मी हो म्हणेपर्यंत गोळी लिहून झाली होती. झोप येतेय हो, झोपेची भीती वाटतेय, हे सांगायला त्यांनी जागाच ठेवली नाही. त्या गोळीने झोप लागायची पण स्वप्न सुटलं नाही, उलट त्यातून लवकर जाग येईना. नात्यातले एकजण ह्यांना म्हणाले झोपताना थोडी ब्रँडी द्या. दारूने पहिली झोप लागते पण तिचा अंमल उतरला की पहाटेची झोप मोडते आणि स्वप्नं जास्त जोरात येतात, हे नंतर तुमच्याकडून कळलं. आणखी एकीने सगळ्यांच्या देखत सांगितलं, हिला रत्नागिरीला दाखवून आणा. कोकणात या वाक्याचा अर्थ काय होतो ते कोकणातल्या माणसाला समजतं, तिथल्या मनोरुग्णालयाचं नाव असं तोंडावर फेकून मारतात लोक. खरं तर तिथे जाऊन बरी होऊन आलेली माणसं असतील, त्यांचाही तो अपमानच. आणि 'लोकांचं तुमच्यापेक्षा जास्त गेलं' हे वाक्य तर मी किती जणांकडून ऐकलं त्याला हिशोब नाही. गेलं ना, मी कुठे नाही म्हणते. पण म्हणून माझा जिना संपत नव्हता.

२०२३ च्या पावसाळ्यात मी तुमच्याकडे आले तेव्हा अपेक्षा काहीच नव्हती, आमच्या इथल्या आशाताईंनी हाताला धरून आणलं म्हणून आले. सरकारी दवाखान्यातली ती छोटी खोली, बाहेर पेशंटची रांग, तुमच्यासमोर पेशंटची खुर्ची आणि त्या खुर्चीत बसलं की पाठ दाराकडे. मी बोलायला लागले आणि बाहेर पावसाची सर आली, पत्र्यावर असा काही आवाज सुरू झाला की मला पुढचा शब्द फुटेना. हात गार पडले. दोनदा मागे वळून दाराकडे बघितलं असेन.

तुम्ही काही विचारलं नाहीत. उठलात, टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आलात आणि म्हणालात, "काकू, तुम्ही तिकडे माझ्या खुर्चीत बसा, तिथनं दार दिसतं." आणि तुम्ही पेशंटच्या खुर्चीत बसलात, पाठ दाराकडे करून. बाहेरून शिपाई आला तो गोंधळला, त्याने मलाच कागद दिला सहीला! तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात, सही केलीत आणि मला म्हणालात सर जाईपर्यंत बसूया नुसतं. आणि खरंच बसलात. बाहेर रांग असताना.

पाण्यात अडकलेल्या माणसाला आधी बाहेर जायची वाट दिसायला हवी असते, हे मला स्वतःलाही तोवर शब्दांत सांगता आलं नसतं. दोन वर्षांत मला सल्ले सगळ्यांनी दिले, पण मी कुठे बसलेय आणि तिथून मला काय दिसतंय हे बघितलं तुम्ही एकट्यांनी. त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांना पहिल्यांदा स्वप्न सगळं सांगितलं. हे रडले. ह्यांनाही स्वप्नं पडत होती हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचं काय काय केलंत ते सगळं लिहीत बसत नाही, पण दोन गोष्टी लिहायलाच हव्यात कारण कोणाला उपयोग होईल. एक म्हणजे तुम्ही मला पहाटेचं समजावून सांगितलंत, की झोपेत स्वप्नांचा टप्पा साधारण दर दीड तासाने येतो आणि रात्र सरत जाते तसा तो लांबत जातो, म्हणून मोठी, ठसठशीत स्वप्नं पहाटेकडे पडतात आणि त्यातच जाग आली की ती लक्षात राहतात. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणून नाही तर तेव्हा स्वप्नांचीच वेळ असते म्हणून. एवढं ऐकून माझ्या छातीवरचा अर्धा धोंडा उतरला. नंतर गोळ्याही तुमच्याकडच्या मोठ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या, एकदम बंद करू नका म्हणून तुम्ही किती वेळा बजावलंत.

आणि दुसरं, ते लिहायचं काम. हे काही मी शोधलेलं नाही, याला इमेजरी रिहर्सल म्हणतात, जगात खूप ठिकाणी करतात, असं तुम्ही म्हणाला होतात. स्वप्न कागदावर लिहायचं, मग त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि तो नवा शेवट रोज दिवसा, चांगल्या उजेडात, दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर आणायचा. मला आधी ते पटेना, खोटं कसं लिहायचं? तुम्ही विचारलंत, काकू, काय व्हायला हवं त्या जिन्याचं? मी म्हटलं, संपायला हवा. मग संपवा, म्हणालात. तर मी लिहिलं की जिना संपतो, वर कंदील लावलेला आहे आणि सासूबाई माझ्याआधीच वर पोचून बसल्यात आणि म्हणतायत, "चहा टाक गो, किती वेळ लावलास." दुपारची कामं उरकली की मी रोज ते वाचायची. लगेच फरक नाही पडला. पण मग एका रात्री जिना आला, पाणी आलं आणि हात सुटायच्या आत जाग आली. आणि त्यानंतर कधीतरी जिना खरंच संपला. वर कंदील नव्हता पण संपला तो.

अजून जुलै लागला की झोप बिघडते, खोटं कशाला सांगू. मोठा पाऊस असला की मी चार वेळा उठून रस्ता बघून येते. पण तुम्ही सांगितल्याप्रमाणे अंथरुणात तळमळत पडत नाही, उठते, बाहेरच्या खोलीत बसून शेंगा सोलते नाहीतर काहीतरी निवडते, डोळे जड झाले की परत जाते आणि सकाळी उठायची वेळ मात्र चुकवत नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर तुम्ही लिहून दिलेला तो फ्रिजवर चिकटवलाय, फुकट आहे आणि रात्रीही लागतो, शेजारच्या मुलीला बाळंतपणानंतर झोप येत नव्हती तिलाही मीच दिला.

पुरानंतर बाहेरगावची किती पोरं येऊन आमच्या घरातला चिखल फावड्याने ओढून गेली, त्यांची नावंही आम्हाला माहीत नाहीत. कोणी भाकऱ्या पाठवल्या, कोणी चादरी. त्या पोरांनी आम्हाला कधी विचारलं नाही की तुमचं शेजाऱ्यापेक्षा जास्त गेलं का कमी, समोर चिखल दिसला आणि उपसायला लागली. तुम्ही त्यांच्यातल्या आहात मॅडम. पगार असतो, ड्युटी असते, ते सगळं खरं, पण उठून खुर्ची बदलून देणं कुठल्या ड्युटीत लिहिलेलं नसतं. अशी माणसं सरकारी दवाखान्यात आहेत हेही लोकांनी बोललं पाहिजे, वाईट अनुभव तर सगळेच सांगतात.

सासूबाईंना मी अखेर यंदा सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मला हात धरून नेलंस ते मला आठवतं, सुटला कधी? मग तुमच्याबद्दल विचारलं, त्या पोरीला जेवायला बोलाव म्हणाल्या. तर हे आमंत्रण त्यांच्याकडून आहे. आम्ही आता वरच्या मजल्यावर राहायला गेलोय. इकडे कधी आलात तर आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे सकाळी बाजारात जाऊन ताजे मासे आणता येतील, आणि खात नसाल तर तेही सांगा, घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ करते.

तुमची,
चिपळूणच्या काकू