ट्रकांची संख्या ठरवा, भाव चढण्याआधी: गोव्याच्या खाणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय खाणमंत्री, गोवा राज्य, यांस सविनय नमस्कार.

खाणपट्ट्यांच्या २०२२ च्या लिलावानंतर डिचोली तालुक्यात लोहखनिजाची वाहतूक पुन्हा सुरू झाली आहे आणि ट्रक घ्यावा का, याची चर्चा घरोघरी होऊ लागली आहे. मी याच तालुक्यातील एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करून निवृत्त झालो. २००५ ते २०११ या काळात ट्रकच्या कर्जाचे किती अर्ज माझ्या टेबलावरून पुढे गेले, याची मोजदाद मी ठेवली नाही. ती कर्जे थकली तेव्हाच्या नोटिसा मात्र बहुतेक माझ्याच सहीने गेल्या. खाणी असाव्यात की नसाव्यात, या वादात मला येथे शिरायचे नाही. खनिजाची तेजी ओसरतेच, हे धरून चालणारे नियम तेजी येण्याआधी करावे लागतात आणि ती वेळ आत्ताची आहे, एवढेच मांडायचे आहे.

आमच्या गावांत कोणालाही विचारले तर खाणी कोर्टाने बंद पाडल्या, असे उत्तर मिळते. ते खोटे नाही. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला, राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. खाणपट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती, असे एप्रिल २०१४ च्या निकालात आले आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. या तारखा लोकांना पाठ आहेत. पण लोहखनिजाचा जो भाव २०११ च्या सुरुवातीस टनाला १८० डॉलरच्या वर होता, तो २०१५ च्या अखेरीस ४० डॉलरच्या खाली गेला, हे सहसा कोणी सांगत नाही. शिवाय हा भाव ६२ टक्के लोह असलेल्या मालाचा. आपले बरेचसे खनिज ५८ टक्क्यांच्या खालचे, आणि बाजार पडला की गिऱ्हाईक हलका माल आधी सोडते. २०१५ मध्ये काही खाणी पुन्हा चालू झाल्या, तेव्हा कोर्टाची आडकाठी नव्हती, तरीही धंदा परवडत नसल्याची तक्रार होती आणि २०१६ च्या अर्थसंकल्पात केंद्राला हलक्या प्रतीच्या खनिजावरील निर्यात शुल्क काढावे लागले. म्हणजे बंदी आली नसती, तरी आमच्या कर्जदारांचे हप्ते तीन वर्षांनी थकलेच असते.

ही तेजी मुळात आपली नव्हतीच. १९५० च्या दशकात जपानच्या पोलाद कारखान्यांनी गोव्याचे खनिज उचलले, तशीच या शतकाच्या सुरुवातीला चीनने उचल केली. ज्या हलक्या मालाला पूर्वी कोणी विचारत नव्हते, त्यालाही भाव आला. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. त्यात काही कर्नाटकचेही होते. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान केले ते २००८ च्या मंदीने, आणि तेही ती लवकर संपल्यामुळे. त्या वर्षाच्या अखेरीस भाव कोसळला, लोक धास्तावले, पण चीन सरकारने बांधकामांवर अफाट पैसा ओतला आणि भाव पुन्हा चढला. भाव पडला तरी वर्षभरात उठतो, असा धडा सगळ्यांनी घेतला. माझ्या टेबलावर सर्वांत जास्त अर्ज आले ते त्यानंतर.

आता आमच्या चुकीबद्दल. परतफेडीची क्षमता काढताना आम्ही दिवसाच्या फेऱ्या, फेरीचा दर आणि पावसाळा वगळून उरणारे महिने यांचा गुणाकार करीत असू. फेऱ्यांची संख्या कोठून आली, हे विचारीत नसू. अर्जदार सांगत असे ती संख्या खरीच असे, कारण त्या महिन्यात ट्रक तेवढ्या फेऱ्या मारीत होता. पण त्याच जेटीकडे, म्हणजे खनिज बार्जमध्ये भरण्याच्या नदीकाठच्या धक्क्याकडे, जाणाऱ्या त्याच रस्त्यावर पुढच्या वर्षी आणखी किती ट्रक उतरणार, हा आकडा पतसंस्थेकडे नव्हता, बँकेकडे नव्हता, आणि सरकारने तो काढला असल्यास आम्हाला कधी कळला नाही. दुसरी चूक जामिनाची. एका ट्रकवाल्याला जामीन राहिला दुसरा ट्रकवाला, आणि त्याला पहिला. कागदावर दोन जामीनदार पूर्ण होत. प्रत्यक्षात दोघांची चूल एकाच खाणीवर पेटत होती. खाण थांबली त्या दिवशी कर्जदार आणि जामीनदार एकदमच बुडाले. जे थोडे जामीनदार नोकरदार होते, शाळेत किंवा वीज खात्यात, त्यांच्या पगारातून कपात सुरू झाली आणि सख्ख्या शेजाऱ्यांत बोलणे बंद झाले. चतुर्थीला एकमेकांच्या घरी आरतीला जाणारी माणसे त्यानंतर गेली नाहीत. पुढे सरकारने खाण अवलंबितांसाठी कर्जसवलतीची योजना आणली, तिचा काहींना उपयोगही झाला. पण घरातले सोने गहाण टाकून ज्यांनी ट्रकचे हप्ते आधीच भरले होते, त्यांचे सोने काही परत आले नाही.

तेजीने काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मातीच्या घरांच्या जागी स्लॅबची घरे झाली, मुली पणजीला कॉलेजात जाऊ लागल्या. मात्र याच वर्षांत बारावी न होताच मुलगे स्टिअरिंगवर बसले, खाणीच्या गाळाने भरलेली शेते भरपाईच्या पैशांवर पडीक राहिली, आणि ट्रक आंब्याखाली गंजू लागले तेव्हा परत जायला शेती उरली नव्हती. गॅरेज, टायरवाले, चहाची गाडी, भाड्याच्या खोल्या यांचे हिशेब तर कोणत्याच योजनेच्या यादीत आले नाहीत. बार्जवरच्या कामगारांबद्दल स्वतंत्र पत्र लिहावे लागेल.

म्हणून माझी पहिली मागणी ट्रकांच्या संख्येबद्दल आहे. न्यायालयाने २०१४ मध्ये उत्खननाला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली होती. दरवर्षी प्रत्यक्षात किती टन काढायला परवानगी आहे आणि त्या मालासाठी प्रत्येक मार्गावर किती ट्रक पुरेसे आहेत, हे खाण व वाहतूक खात्यांनी मिळून पावसाळा संपण्याआधी जाहीर करावे. त्यापलीकडे नव्या ट्रकची नोंदणी खनिज वाहतुकीसाठी होऊ नये. हा आकडा हाती असता तर मी निम्मे अर्ज परत पाठवले असते. सहकार निबंधकांनीही एक साधा नियम करावा: खनिज वाहतुकीच्या कर्जाला खनिज वाहतुकीवर जगणारा जामीनदार चालणार नाही.

दुसरी मागणी पैशांची. विक्रीच्या रकमेतील दहा टक्के कायमस्वरूपी निधीत टाकण्याचा आदेश त्याच २०१४ च्या निकालात आहे. त्या निधीच्या मुद्दलाला कोणत्याही सरकारला हात लावता येऊ नये, अशी तरतूद विधानसभेने कायद्याने करावी, आणि खाणग्रस्त भागासाठी खाणवाल्यांकडून पैसे जमा होतात त्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या रकमेतील एक भाग भाव चढलेला असताना बाजूला पडावा व भाव ठरावीक पातळीच्या खाली गेल्यावरच, शेतातला गाळ काढण्यासाठी आणि बसून राहिलेल्या कामगारांच्या मजुरीसाठी खर्च व्हावा. ती पातळी आजच ठरवावी. भाव पडल्यावर ती ठरवायला बसलो तर ती निवडणुकीच्या हिशेबाने ठरेल, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

भावावर आपला ताबा नाही, निर्यात शुल्कावरही नाही; मे २०२२ मध्ये केंद्राने ते पन्नास टक्क्यांवर नेले आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतले, तेव्हा गोव्याला कोणी विचारले नव्हते. ट्रकची नोंदणी मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. येत्या हंगामासाठी प्रत्येक मार्गावर किती ट्रकांना परवानगी असेल, तो आकडा तालुक्यातील प्रत्येक पतसंस्थेला लेखी कळवण्याचा आदेश आपण काढावा, ही विनंती.

आपला नम्र,
डिचोली तालुक्यातील एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी