लिनक्सवाल्यांनो, जरा दमानं

संपादक महोदय,

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद केल्यापासून जो तो सल्ला देतोय : जुना संगणक भंगारात काढू नका, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संचालन प्रणाली टाका. सल्ला चांगलाच आहे. आमच्या लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, म्हणून विंडोज ११ ने त्याला नापास केले. त्याच लॅपटॉपवर आता लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार व्यवस्थित चालतो आणि हे पत्रही त्यावरच टाइप केले आहे. माझी तक्रार आहे ती सल्ल्यासोबत येणाऱ्या थापांबद्दल.

'सगळं चालतं' ही त्यातली सर्वात मोठी. नातवाचे फोर्टनाइट आणि व्हॅलोरंट हे गेम लिनक्सवर चालत नाहीत. त्यांच्या लबाडी रोखणाऱ्या यंत्रणेला कंपन्यांनी इथे मुभा दिलेली नाही. त्याच्या संगणकावर विंडोजच आहे. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. माझी स्वतःची कटकट वेगळी. कोणी वर्डमधली फाइल पाठवली की लिबरऑफिस या वर्डच्या मोफत पर्यायात तिचा तक्ता हमखास पुढच्या पानावर घसरतो, कारण त्यातला फॉन्ट माझ्याकडे नसतो. युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीतल्या मराठीला काही अडचण नाही, सेटिंगमध्ये कळफलक जोडला की झाले. पण युनिकोडपूर्व काळात टाइप केलेल्या माझ्या जुन्या फायली उघडल्या तर समोर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. जुन्या संगणकातून त्या फॉन्टची फाइल शोधून इकडे टाकली, तेव्हा मजकूर दिसू लागला. नवा विंडोज संगणक घेतला असता तरी हेच झाले असते म्हणा, पण शिव्या बिचाऱ्या लिनक्सने खाल्ल्या.

गंमत अशी, की 'हिला काही जमायचं नाही' असे सगळे जिच्याबद्दल म्हणत होते, ती माझी बायको सर्वात खूश आहे. ब्राउझर, फोटो, व्हिडिओ कॉल, अधूनमधून एखादी प्रिंट, एवढेच तिचे काम. 'लिनक्स फक्त कॉम्प्युटरवाल्यांसाठी' हे म्हणूनच मला पटत नाही. अडतो तो वीस वर्षे एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा, लिहीत आलेला माणूस.

दुसरी थाप, 'लिनक्सला धोका नाही, कोड सगळ्यांसमोर उघडा असतो.' मी लेखापरीक्षणात आयुष्य घालवले आहे. वही उघडी असणे आणि ती कोणी तपासणे यांतला फरक मला कोणी शिकवू नये. लिनक्समध्ये फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या छोट्या प्रोग्रॅममध्ये एका योगदात्याने आधी दीर्घकाळ विश्वास कमावला आणि मग चोरवाट घुसवली. ती मार्च २०२४ मध्ये उघडकीस आली, कारण लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले. कोड उघडा होता म्हणून त्यांना मुळापर्यंत जाता आले, हे खरेच. पण बघणारा भेटला हे नशीब. आणि बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या दुव्यावर पासवर्ड टाकणाऱ्याला तर कुठलीच प्रणाली वाचवत नाही.

आपल्या पुरवणीत 'उबुंटू भारी की फेडोरा' अशी लिनक्सच्या प्रकारांची तुलना छापण्यापेक्षा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून कसे पाहावे, हे छापावे. त्यात हार्ड डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय लागतो का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे तासाभरात कळते. शेजारी घरातल्या त्या माणसाला बसवावे, ज्याला तो संगणक रोज वापरायचा आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक