बालगृहातल्या समाजसेविका ताईंना जाहीर आभारपत्र

प्रिय ताई,

हे पत्र दुभाष्यामार्फत तुमच्यापर्यंत येईलच. मराठीतही ते जाहीर ठेवतो आहोत, कारण परदेशात जाऊन सात-आठ वर्षांचं किंवा त्याहून मोठं मूल दत्तक घ्यायला निघालेल्या घरांना न्यायालय दिसतं, दूतावास दिसतो, विमानाचं तिकीट दिसतं. तुमचं काम दिसत नाही. आम्ही दत्तक पालक आणि दत्तकोत्तर समुपदेशन करणारी माणसं. मूल घरी आल्यावर काय विस्कटतं आणि काय सावरतं, ते आमच्यासमोर येत असतं. ज्या मुलांची तयारी बालगृहात नीट झालेली असते ती लगेच ओळखू येतात. रडतात तीही, चिडतात तीही. पण आपण इथे का आलो आणि मागे राहिलेल्यांचं काय, हे त्यांना ठाऊक असतं. मोठ्या मुलाचं दत्तकविधान पालक विमानात बसण्याआधीच निम्मं झालेलं असतं, आणि ते निम्मं तुमच्या हातचं असतं.

पहिले आभार मुलाला खरोखर विचारल्याबद्दल. देशादेशांतल्या दत्तकासाठी २९ मे १९९३ ला झालेल्या हेग दत्तक कराराचं चौथं कलम सांगतं की मुलाचं वय आणि समज बघून त्याला दत्तकाचे परिणाम समजावून सांगावेत, त्याची इच्छा विचारात घ्यावी, आणि जिथे त्याची संमती लागते तिथे ती मोकळेपणाने, लेखी आणि कुठल्याही मोबदल्याविना घेतलेली असावी. कोणत्या वयापासून संमती लागते ते प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. कागदावर हे एका सहीत उरकता येतं, आणि पुष्कळ ठिकाणी तसंच उरकलं जातं. तुम्ही वेगवेगळ्या दिवशी, निदान तीनदा विचारता, आणि भावी पालक किंवा त्यांनी पाठवलेलं खेळणं समोर नसताना विचारता. संस्थेत वाढलेल्या मुलाला मोठ्यांना ‘हो’ म्हणणं सोयीचं असतं हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून तुम्ही त्यालाच सांगायला लावता: कोणाकडे जायचंय, तिथे कोणती भाषा बोलतात, इथे परत राहायला येणार का? शेवटच्या प्रश्नावर ‘सुट्टी संपली की येणार’ असं उत्तर आलं, तर त्या मुलाला काहीच कळलेलं नाही, आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करता. सहलीला चाललोय अशा समजुतीत आलेलं मूल दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बॅग भरून दाराशी बसतं. मग नव्या पालकांवर त्याचा विश्वास बसवायला वर्ष जातं, कारण त्याच्या लेखी त्यांनीच त्याला फसवलेलं असतं. मूल ‘नको’ म्हणालं की तुम्ही फाइल थांबवता. अशा वेळी तुमच्यावर चिडणाऱ्या घरांच्या वतीनेही हे आभार समजा.

घरांकडून येणाऱ्या फोटोंच्या वह्यांबाबत तुम्ही जो काटेकोरपणा दाखवता, तो आधी जाचक वाटतो. पंधरा-वीस फोटो पुरेत, असं तुमचं म्हणणं. घराचं दार, जिना, मुलाचा पलंग, न्हाणीघर, जेवायची जागा, शाळेचा रस्ता, घरात राहणारी माणसं आणि त्यांची हाक मारायची नावं. कुत्रा असेल तर तो आकार कळेल असा, माणसाशेजारी उभा केलेला. भेटवस्तूंचे ढीग आणि करमणुकीच्या बागा असलेल्या वह्या तुम्ही परत पाठवता, ते अगदी बरोबर आहे. त्या वहीतला पाळणा मूल रोज मागतं आणि नवं घर पहिल्याच आठवड्यात खोटं ठरतं.

कोणतं मूल कोणत्या घरी जाणार हे ठरण्याआधीच फोन नंबर मागणाऱ्या घरांना तुम्ही ठाम नकार देता. कराराच्या २९ व्या कलमानुसार, मूल दत्तकासाठी मोकळं आहे, संमत्या रीतसर घेतल्या आहेत आणि पालक पात्र आहेत हे ठरेपर्यंत भावी पालकांनी मुलाच्या जन्मदात्यांशी किंवा त्याला सांभाळणाऱ्यांशी संपर्क ठेवायचा नसतो. नातलगांतल्या दत्तकासारखे मोजके अपवाद सोडले तर. घरांना हा कोरडा नियम वाटतो. पण दबाव आणि पैसा नेमका याच फटीतून शिरतो.

आता त्या दोन पानांबद्दल. सोळाव्या कलमात सांगितलेला मुलाचा अहवाल सगळ्यांनाच मिळतो: ओळख, पार्श्वभूमी, सामाजिक परिस्थिती, मुलाचा आणि त्याच्या कुटुंबाचा वैद्यकीय इतिहास, विशेष गरजा. तो सरकारी भाषेत असतो आणि तसाच असणार. त्याला तुम्ही हाताने लिहिलेली दोन पानं जोडता, आणि पहिल्या सहा महिन्यांत पालक अहवालापेक्षा तीच जास्त उघडतात. मूल किती वाजता झोपतं, दिवा चालू की बंद, शेजारच्या पलंगावर कोण असायचं, रात्री लघवीला उठवावं लागतं का, राग येण्याआधी ते गप्प होतं की बडबडतं, कोणता पदार्थ ताटात ठेवून देतं. अंगावरच्या प्रत्येक व्रणाचं कारण, आणि माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं स्पष्ट. हा तपशील फार मोलाचा आहे. व्रणांची नोंद नसेल तर नव्या देशातला डॉक्टर किंवा शिक्षक पालकांकडे संशयाने बघू शकतो. औषधाचं मूळ नाव, मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि शेवटचा डोस कधी दिला ती तारीख. नुसतं ‘पांढरी गोळी, सकाळी’ असं लिहिलेलं आलं की आकडी येणाऱ्या मुलाचं औषध प्रवासातच तुटायचा धोका असतो.

उंची आणि वजनाचा तुम्ही एक ताजा आकडा देत नाही, सगळ्या जुन्या नोंदी तारखांसह देता. एका आकड्यावरून काही कळत नाही, रेषा दिसावी लागते. संस्थेत काढलेल्या दर तीन महिन्यांमागे उंचीची वाढ साधारण महिनाभर मागे पडते, असा एक ढोबळ अंदाज या क्षेत्रातले डॉक्टर वापरतात. त्याहून बरीच मागे असेल तर दुसरं कारण शोधावं लागतं. जन्मतारीख नोंदीतली आहे की अंदाजाने लावलेली, हेही तुम्ही लिहिता. दात आणि मनगटाचा एक्स-रे वयाचा पल्ला सांगतात, तारीख सांगत नाहीत. कुपोषित मुलात तो पल्ला आणखी रुंदावतो. शाळेची इयत्ता त्यावर ठरते. शिवाय परदेशातून दत्तक आलेल्या मुलींमध्ये वयात येणं लवकर सुरू झाल्याचं बऱ्याचदा दिसतं. कागदावरचं वय दोन वर्षांनी चुकलेलं असेल तर आठव्या वर्षी दिसणारी लक्षणं लवकरची की वेळेवरची, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

भावंडांची नोंद ठेवल्याबद्दल वेगळे आभार. दुसऱ्या संस्थेत असलेला भाऊ, लग्न होऊन गेलेली बहीण, कधीमधी भेटायला येणारी आजी, आणि जिवाभावाची मैत्रीण सुद्धा. तिसावं कलम मुलाच्या मुळाविषयीची माहिती जपायला सांगतं, पण जपायला ती आधी कुणीतरी लिहिलेली असावी लागते. तेरा-चौदाव्या वर्षी मुलं नावं विचारतात.

कागदांचं काम सगळीकडे सारखंच किचकट, त्यावर फार लिहीत नाही. नावाचं स्पेलिंग तेवढं सांगायलाच हवं. न्यायालयाचा आदेश, नवा जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट या सगळ्यांवर ते अक्षरशः एकच असावं म्हणून तुम्ही आदेशाचा मसुदा सहीपूर्वी वाचायला देता. सहीनंतर एक अक्षर बदलायला पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. बऱ्याच देशांत आदेश झाल्यावर अपिलाची मुदत संपेपर्यंत तो अंतिम होत नाही, आणि तोवर जन्मदाखला मिळत नाही. परतीचं तिकीट बदलता येणारं काढा, हे तुमचं सांगणं घरांनी ऐकावं. अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्याला लागणारं सरकारी प्रमाणपत्र, १९६१ च्या करारातून आलं. ते फक्त सही, सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं, मजकूर बरोबर असल्याचं नाही. त्यामुळे चुकीच्या दाखल्यालाही ते बिनबोभाट लागतं. आधी मजकूर तपासा, मग अपॉस्टिल, आणि भाषांतर त्यानंतर, म्हणजे अपॉस्टिलचाही मजकूर भाषांतरात येतो. दत्तकविधान हेग दत्तक करारानुसार झाल्याचं, त्याच्या २३ व्या कलमाचं प्रमाणपत्र देश सोडण्यापूर्वी हातात हवं. मूल गेल्यावर ते मिळवणं शक्य असतं, पण फार लांबतं. प्रत्येक कागदाच्या पाच-सहा साक्षांकित प्रती तिथेच काढून घ्याव्यात आणि मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवावेत.

पाकीट तुम्ही घेत नाही. ३२ व्या कलमाप्रमाणे खर्च आणि कामाची वाजवी फी एवढंच घेता येतं. प्रत्येक रकमेची पावती तुम्ही स्वतःहून देता, हे आभारापलीकडचं आहे.

मुलाला सोपवण्याची तुमची पद्धत सगळीकडे पोचायला हवी. कायदा वेळ देतो तिथे तुम्ही फाटकात ताबा देत नाही. आधी बालगृहातच तास-दोन तास, मग अर्धा दिवस बाहेर, मग एक रात्र, आणि दर वेळी मूल परत येतं. ‘मोठी माणसं घेऊन जातात आणि सांगितल्या वेळी परत आणतात’ हे त्याला अनुभवाने कळतं. निरोपाच्या दिवशी त्याला सांभाळणाऱ्या मावशींकडून, त्याच्यासमोर, ‘तू जा, तिथे राहा, आम्हाला चालेल’ असं तुम्ही वदवून घेता. ज्या मुलाला ही परवानगी मिळत नाही, ते नव्या आईवर माया करणं म्हणजे मावशीशी दगाबाजी समजतं. बालगृहातले कपडे सामायिक असतात, त्यामुळे नवे कपडे देऊन जुन्यांतला एखादा मागून घ्यायला तुम्ही पालकांना सांगता, आणि ओळखीचा वास जाईल म्हणून तो धुऊ नका असंही बजावता. पालक हमखास धुतात.

पहिल्या आठवड्यासाठीच्या तुमच्या सूचना आम्ही पुढच्या घरांना जशाच्या तशा देतो. उपाहारगृहं टाळा, बालगृहातलंच साधं जेवण दोन आठवडे चालू ठेवा. उशीखाली भाकरी-पावाचे तुकडे सापडले तर ओरडू नका, हाताशी एक डबा कायम भरलेला ठेवा. काही मुलांनी आतून कडी लावायचं दार वापरलेलंच नसतं, तेव्हा न्हाणीघराची कडी काढून ठेवा. दोन्ही भाषांत फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात शिवून टाका, कारण घाबरलेलं मूल पळतं आणि त्याला पत्ता सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या गळ्यात पडणाऱ्या मुलाला बघून हुरळून जाऊ नका. त्याला अजून कुणीच जवळचं नाही. विमानात त्याला दोघांच्या मधे बसवा, उतरताना चघळायला द्या आणि झोपेचं औषध देऊ नका. झोप यावी म्हणून दिलेल्या ॲलर्जीच्या औषधाने काही मुलं झोपण्याऐवजी उधळतात.

घरी पोचल्यावर दोन आठवड्यांत सगळ्या तपासण्या नव्याने कराव्या लागतात: रक्तातलं हिमोग्लोबिन आणि शिसं, हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही, सिफिलिस, क्षय, थायरॉइड, वेगवेगळ्या दिवशीचे शौचाचे तीन नमुने, डोळे, कान, दात. हिपॅटायटिस आणि एचआयव्ही सहा महिन्यांनी पुन्हा, कारण ताजा संसर्ग पहिल्या तपासणीत निसटू शकतो. क्षयाचीही पुन्हा, कारण कुपोषणात चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. तुमच्याकडच्या अहवालांवर अविश्वास म्हणून हे होत नाही, हे तुम्ही जाणता आणि कधी मनाला लावून घेत नाही.

शेवटचे आभार त्या ध्वनिमुद्रणाबद्दल. मूल का आलं, कोणी कोणता निर्णय घेतला, ते तुम्ही त्याच्या भाषेत, तुमच्या आवाजात देता. सहा-सात वर्षांची मुलंही रोजच्या वापरातून गेलेली भाषा काही महिन्यांत बोलेनाशी होतात. आधी बोलणं जातं, मग समजणं. म्हणून ते पहिल्या महिन्यातच ऐकवायचं आणि त्याचं लेखी भाषांतर करून ठेवायचं. सुरुवातीला जुने संपर्क तोडावेत असं काही समुपदेशक अजूनही सांगतात. आम्हाला ते पटत नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आलेला तुमचा दहा मिनिटांचा फोन मुलाला अस्वस्थ करतो खरा, पण तुम्ही आहात हे त्याला कळतं.

आमच्या बाजूने एक कबूल करतो. दत्तकानंतरचे प्रगती अहवाल पाठवण्यात घरं हयगय करतात, आणि त्याचा जाब तुम्हाला तुमच्या प्राधिकरणात द्यावा लागतो. असे थकलेले अहवाल साठले की देश नव्या फाइली रोखू शकतात, आणि भोगतात रांगेतली मुलं. यापुढे अहवालाची तारीख महिनाभर आधी प्रत्येक घराला कळवायचं काम आमच्याकडे. अहवाल फोटो आणि भाषांतरासह येतील. त्या बदल्यात एक मागणं आहे: तुमच्या त्या दोन पानांचा कोरा नमुना इतर बालगृहांना द्यायची परवानगी द्या. त्यात काय भर घालायची ते तुम्हीच सांगा.

तुमचे ऋणी,
काही दत्तक पालक आणि समुपदेशक