फाटके तिरंगे उतरवा

महोदय,

गणपती विसर्जन उरकले तरी आमच्या वर्तकनगरात पंधरा ऑगस्टचे तिरंगे गॅलरीच्या ग्रीलवर अजून तसेच आहेत. मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे नजर आधी कापडाकडे जाते. समोरच्या इमारतीतला एक झेंडा नायलॉनच्या दोरीने बांधलाय. पावसावाऱ्यात फडफडून त्याची मोकळी कड उसवली, मग धागे सुटले, आता हिरव्या पट्ट्याच्या चिंध्या लोंबतात. केशरी विटून फिकट गुलाबी झालाय. बाजूलाच टॉवेल वाळत असतात. मशीनवर बसले की हेच समोर दिसते आणि जीव तुटतो.

लावणाऱ्यांनी तो प्रेमानेच लावला असणार. डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिस्टरच्या आणि मशीनवर तयार केलेल्या झेंड्यांना परवानगी मिळाली. जुलै २०२२ पासून घरावर तो रात्रीही ठेवता येतो. त्याआधी सूर्यास्ताला उतरवावा लागे. घरोघरी तिरंगा पोहोचला याचा मला आनंदच आहे. पण रात्रीही चालतो म्हटल्यावर उतरवायचे कुणाच्या लक्षातच राहत नाही. फाटका झेंडा लावू नये, हा ध्वजसंहितेतला नियम मात्र तसाच आहे.

शेजारीण म्हणाली, ‘‘वहिनी, कचऱ्यात टाकायला मन होत नाही, म्हणून राहू दिलाय.’’ तिचे बरोबरच आहे. कचऱ्यात टाकायचाच नाही. खराब झालेला झेंडा चारचौघांत न आणता, मान राखून, शक्यतो जाळून पूर्ण नष्ट करावा, असे संहितेत सांगितले आहे. कागदी झेंडेही रस्त्यावर न टाकता असेच मानाने नष्ट करायचे.

एका बाईंनी तर उशीच्या अभ्र्यावर तिरंगा भरून मागितला. मी काम घेतले नाही. उशी, रुमाल, नॅपकिनवर तो भरणे किंवा छापणे हा १९७१च्या कायद्याने अवमान ठरतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे ऐकून बाईंना धक्काच बसला. शिकल्यासवरल्या घरातल्या आहेत त्या.

सोसायट्यांच्या फलकावर ध्वजवंदनाची नोटीस न चुकता लागते. तिच्याखालीच झेंडे कधी उतरवायचे आणि खराब झालेले कुणाकडे द्यायचे, हेही लिहावे. वॉचमनच्या केबिनमध्ये एक स्वच्छ पेटी ठेवली, तर जमलेले झेंडे कमिटीतल्या जाणत्यांना नीट नष्ट करता येतील. ठाणे महापालिकेनेही प्रभाग समितीच्या कार्यालयांत असे झेंडे स्वीकारण्याची सोय करावी, ही विनंती.

– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे (प.)