वासुकीची लांबी आणि पिसदुऱ्याचा साप

महोदय,

‘वासुकी इंडिकस’ हा प्राचीन साप 11 ते 15 मीटर लांब असावा, हा अंदाज 2024 मध्ये प्रसिद्ध झाला आणि चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागली: तो कोलंबियाच्या टायटॅनोबोआ या महाकाय जीवाश्म सापाहून मोठा होता का? कच्छच्या पानंध्रो लिग्नाइट खाणीत मिळाले ते 27 मणके, कवटी नाहीच. एवढ्यावर शर्यत कशी लावायची?

मला गुजरातच्याच ढोली डुंगरीचा ‘सनाजेह’ हा साडेतीन मीटरचा जीवाश्म साप अधिक मोलाचा वाटतो. डायनोसॉरच्या घरट्यात, फुटलेल्या अंड्याला वेटोळे घालून बसला असतानाच तो गाडला गेला; शेजारी डायनोसॉरचे नुकतेच जन्मलेले पिल्लू. भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना हा दगड 1980च्या दशकात सापडला, तेव्हा सगळी हाडे पिल्लाचीच समजली गेली. त्यात साप आहे, हे 2001 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन यांनी ओळखले. या सापाला अजगराइतका जबडा फाकवता येत नसे. तरीही 6 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी तो डायनोसॉरची पिल्ले खायला टपलेला होता!

वासुकीच्याच मॅडत्सोइडी कुळातला एक साप वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याचे नाव लावतो: ‘मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस’. हे नामकरण 2011 मधले. चंद्रपूरच्या शाळांच्या सहली ताडोब्याला जातात, तशा पिसदुऱ्यालाही जाव्यात. आपल्या जिल्हा पुरवणीने या गावावर एक पान द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, चंद्रपूर