दस्तऐवज हलवण्याआधी त्यांची जबाबदारी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या शेअर्ड ड्राइव्हवर किंवा कालबाह्य सॉफ्टवेअरमध्ये साठलेले व्यावसायिक दस्तऐवज नव्या क्लाउड प्लॅटफॉर्मवर हलवण्याची कामे आता लहानमोठ्या सर्वच संस्थांमध्ये निघू लागली आहेत. हे काम म्हणजे मोठ्या प्रमाणावरचे कॉपी-पेस्ट, अशी समजूत असल्याने ते संगणक विभागाच्या गळ्यात टाकले जाते आणि सर्वांत आधी ठरते ती पूर्णतेची तारीख. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ याच क्रमात आहे, असे माझे मत आहे. फाइलचा आकार आणि प्रकार संगणक विभागाला कळतो. ती ठेवायची की काढून टाकायची, हे मात्र ती ज्यांच्या कामाची आहे त्यांनीच सांगायचे असते. त्यामुळे प्रत्येक विभागातील एका व्यक्तीकडे हा निर्णय नावानिशी सोपवल्याशिवाय एकही फाइल हलवू नये.

या व्यक्तीसमोर पहिल्यांदा यायला हवी ती यादी. फाइलचे नाव, संपूर्ण पाथ (म्हणजे फोल्डरांसह तिचा पत्ता), आकार, शेवटच्या बदलाची तारीख, मालक आणि परमिशन (ती कोणाला उघडता येते) एवढे रकाने असले तरी पुष्कळ काही उघडकीला येते. ‘करार फायनल’, ‘करार फायनल नवीन’ आणि ‘करार फायनल नवीन सुधारित’ अशा तीन फाइल शेजारी शेजारी सापडतात. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या नावावरचे फोल्डर सापडतात. तंतोतंत सारख्या प्रती हॅश, म्हणजे फाइलमधील माहितीवरून संगणकाने काढलेला ठशासारखा संकेतांक, जुळवून शोधता येतात, परंतु त्या तीन करारांपैकी प्रत्यक्ष सह्या झालेला मसुदा कोणता, हे हॅश सांगत नाही. त्यासाठी तो करार माहीत असलेला माणूसच लागतो आणि त्याचा वेळ वेळापत्रकात धरलेला असावा लागतो, जो सहसा धरलेला नसतो. जे काढून टाकायचे ठरेल, त्याची कायदेशीर जतन-मुदत संपली आहे आणि त्यासंबंधी कोणताही वाद किंवा लेखापरीक्षण चालू नाही, याची खात्री लेखी असावी.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते फाइलसोबतच्या माहितीकडे. साध्या पद्धतीने अपलोड केल्यास ‘तयार केल्याची तारीख’ म्हणून अपलोडचा दिवस आणि ‘तयार करणारा’ म्हणून अपलोड करणाऱ्याचे खाते नोंदले जाण्याचा धोका असतो. वरवर ही किरकोळ बाब वाटते. पण नव्या प्लॅटफॉर्मवर ‘तयार झाल्यापासून 7 वर्षांनी नष्ट करावे’ असा नियम लावला असेल, तर 6 वर्षे जुन्या बिलाची मुदत त्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. अभिलेख व्यवस्थापनाचे आयएसओ 15489 हे मानक 2001 साली आले आणि 2016 मध्ये सुधारले गेले. अस्सलपणा, विश्वासार्हता, अखंडता आणि वापरयोग्यता हे अभिलेखाचे गुण त्यात सांगितले आहेत. तारीख आणि कर्ता पुसला गेलेला दस्तऐवज यांपैकी पहिल्याच कसोटीवर अडखळतो. म्हणून मूळ तारखा, कर्ता आणि जुन्या व्हर्जनचा इतिहास निवडलेल्या साधनातून जसाच्या तसा जातो का, हे आधीच तपासावे आणि जाणार नसेल तर ती माहिती वेगळ्या तक्त्यात जपून ठेवावी.

परमिशनची गोष्ट याहून नाजूक आहे. जुन्या ड्राइव्हवर सात फोल्डर आत दडलेला पगाराचा तक्ता सर्वांना उघडता येत असला, तरी तो तिथे आहे हेच कोणाला माहीत नसते. नव्या प्लॅटफॉर्मचा शोध मात्र, ज्याला पाहण्याची परवानगी आहे त्याच्यासमोर तो तक्ता एका शब्दासरशी आणून ठेवतो. तेव्हा जुन्या परवानग्या डोळे झाकून पुढे नेणे हे आळसाचे लक्षण आहे, सावधगिरीचे नव्हे. याच्या उलट, संगणकाला न वाचता आलेल्या फाइल त्यांतील मजकुरावरून शोधल्यास सापडतच नाहीत: ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवणे) न केलेले स्कॅन, पासवर्ड लावलेल्या फाइल, तसेच युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर, जो पडद्यावर देवनागरी दिसतो पण संगणकाच्या लेखी निराळीच अक्षरे असतो.

तांत्रिक मर्यादा प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या वेगळ्या असतात आणि त्या वाचून ठेवणे फारसे कठीण नाही. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट ऑनलाइन या क्लाउड प्लॅटफॉर्मवर फाइलच्या नावासह संपूर्ण पाथ 400 अक्षरांत बसावा लागतो आणि नावात प्रश्नचिन्ह, तारांकन किंवा अपूर्णविराम चालत नाही. एका एक्सेल फाइलमधून दुसरीत आकडे ओढणाऱ्या लिंक जुन्या सर्व्हरचा पत्ता धरून बसलेल्या असतात. अशा फाइल यादीत आधीच खूण करून वेगळ्या काढाव्यात.

स्थलांतराच्या चाचणीसाठी नेहमी नीटनेटका फोल्डर निवडला जातो आणि ती अर्थातच यशस्वी होते. खरे तर सर्वांत गुंतागुंतीचा, जुना आणि अनेकांच्या वापरातला फोल्डर निवडावा. पडताळणीत फाइलची संख्या जुळणे पुरेसे नाही, हॅशही जुळवावेत. मात्र शेअरपॉइंटसारखे प्लॅटफॉर्म ऑफिस फाइलमध्ये स्वतःची माहिती लिहीत असल्याने तिथे हॅश बदलू शकतो, हे लक्षात घेऊन अशा फाइलचे नमुने प्रत्यक्ष उघडून पाहावेत.

जुनी यंत्रणा त्यानंतर ‘फक्त वाचण्यासाठी’ चालू ठेवावी. तिचा करार कधी संपवायचा, हे खर्चाच्या हिशेबावर आधीच न ठरवता, प्रत्येक विभागाच्या जबाबदार व्यक्तीने आपले दस्तऐवज तपासून लेखी संमती दिल्यावर आणि किमान एक वर्षअखेरीचे काम नव्या प्लॅटफॉर्मवरून पार पडल्यावर ठरवावे.

आपला,
दस्तऐवज व्यवस्थापनाच्या कामातील एक वाचक