तुझी सही हवी आहे

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

फोनवर विषय काढला की तू "आत्ता कशाला ते" म्हणून टाळतोस, म्हणून लिहिते. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात देहदानाचा फॉर्म भरायचा, हे माझं ठरलंय. त्यावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. ती तुझी हवी. मी गेल्यावर देह द्यायचा की नाही, हे शेवटी घरच्यांच्याच हातात. तेव्हा तू नको म्हणालास, तर माझ्या कागदाला काडीची किंमत नाही.

इतकी वर्षं फळ्यावर लाल-निळ्या खडूंनी हृदय काढून शिकवलं, खरं हृदय कधी पाहिलं नाही. पहिल्या वर्षाच्या डॉक्टर पोरांनी तरी आकृतीवर भागवू नये.

आत्या म्हणेल, अग्नी दिला नाही तर गती कशी मिळणार? तिला दधीची ऋषींची गोष्ट पाठ आहे, तिथूनच सुरुवात कर. काका म्हणतील, ही कम्युनिस्टांची खुळं. त्यांना सांग, २०१० साली जानेवारीत कम्युनिस्ट ज्योती बसूंचा देह कोलकात्याच्या रुग्णालयाला गेला आणि फेब्रुवारीत आपल्या हिंगोलीकडच्या, संघाच्या नानाजी देशमुखांचा दिल्लीच्या एम्सला. गप्प बसतील, निदान चहा येईपर्यंत. दहाव्याला पिंड ठेवायचा तर खुशाल ठेवा. अस्थी मात्र मिळणार नाहीत, म्हणजे नरसोबाच्या वाडीची फेरी वाचली.

आता कामाचं. आधी डोळे. ते सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून लगेच नेत्रपेढीला फोन कर. तोवर पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. डोळे दिले तरी देह घेतात. डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घेऊन ठेव, त्याशिवाय पुढे काही हलत नाही. अपघात झाला, पोस्टमॉर्टेम झालं किंवा हिपॅटायटिस बी सारखा संसर्ग निघाला, तर देह नाकारतात. तसं झालं तर तिथे हुज्जत घालू नकोस. विद्युतदाहिनी, गॅसदाहिनी, जी चालू असेल तिथे ने. लाकडं नकोत.

दिवाळीला येताना आधारची झेरॉक्स आण. सूनबाईलाही विचार, साक्षीदार म्हणून तिची सही घेऊ. आणि "बघू" म्हणू नकोस, तुझं "बघू" मला माहीत आहे.

तुझी
आई